टाचणीवरचा झेंडा

डिसेंबर उजाडला की सात तारखेच्या आगेमागे आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या खोलीत एन.सी.सी.ची दोन मुले डबा वाजवीत येतात. सेनादल ध्वजदिनाचे ते इवलेसे कागदी झेंडे. तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे. भूदल, नौदल आणि वायुदल यांचे. १९४९ सालापासून हा दिवस आपल्याकडे पाळला जातो. आपण खिशात हात घालतो, हाताला लागेल ती नोट डब्यात टाकतो, मुलगा झेंडा खिशाला लावून देतो आणि आपण हजेरीपट घेऊन तासावर जातो. संध्याकाळी सदरा धुण्यात पडतो आणि झेंड्याचा विषय तिथेच संपतो. त्या नोटेचे पुढे काय झाले, ती कोणाच्या दारी पोचली, हे कोणी कोणाला विचारीत नाही. देणारा मोकळा झालेला असतो.

हा प्रश्न मला पडला तो थेट लंडनमध्ये, आणि तोही एका जुन्या बाजारात.

माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. "मामा, मामींना घेऊन एकदा याच," असे तो दोन-तीन वर्षे म्हणत होता. अखेर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तो योग आला. जाण्यापूर्वीच सौ.ने एक यादी केली होती. तीत राणीचा राजवाडा होता, टॉवरमधला कोहिनूर होता, मेणाचे पुतळे होते, आणि सर्वांत शेवटी, जागा उरली म्हणून असावे, "यांना पाहायचे असेल ते" अशी एक ओळ होती. त्या ओळीचा फायदा घेऊन मी एका शनिवारी पोर्टोबेलो रोड पाहायचे ठरवले. आमच्या पुण्याच्या जुन्या बाजाराची ही गोरी मावसबहीण म्हणतात; तिला भेटल्याशिवाय कसे यायचे?

नॉटिंग हिल गेटच्या स्टेशनातून बाहेर पडले की माणसांचा लोंढाच आपल्याला तिथे नेऊन सोडतो. उताराचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना फिकट गुलाबी, निळी, पिवळी घरे, आणि खाली मांडलेला दोनशे वर्षांचा संसार. चांदीचे चमचे, कान तुटलेल्या किटल्या, थांबलेली घड्याळे, कोणाच्या तरी पणजोबांची छायाचित्रे, पितळी दुर्बिणी, पदके. जुना बाजार जगात कुठेही जा, सारखाच. वस्तूंचे मालक गेलेले असतात, आणि नवे मालक भाव करीत उभे असतात.

एका टेबलाशी मी थबकलो. मखमलीच्या तबकात कागदाचे, रेशमाचे आणि पत्र्याचे बारीक बारीक बिल्ले टाचून ठेवले होते. एखाद्या संग्राहकाने फुलपाखरे टाचून ठेवावीत तसे. चष्म्याला दोरी लावलेल्या एक वृद्ध बाई पलीकडे बसल्या होत्या. त्यांनी सांगितले, हे पहिल्या महायुद्धातल्या फ्लॅग-डेचे झेंडे. बेल्जियमच्या निर्वासितांसाठी, सर्बियासाठी, जखमी घोड्यांसाठी, आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी. प्रत्येकाचा दिवस वेगळा, झेंडा वेगळा. त्यांतला एक मी उचलला. पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा कागद, गंजलेली टाचणी, आणि टाचणीच्या गंजाने कागदावर उमटलेली तपकिरी रेघ. वर बारीक इंग्रजी अक्षरांत छापले होते : 'युद्धकैद्यांसाठी'.

"केवढ्याला?" मी विचारले.

"सहा पौंड."

सौ.ने मनातल्या मनात गुणाकार केला असावा. "अहो, टाचणीला लावलेला कागद जवळजवळ सातशे रुपयांना? आणि तोही गंजका!"

भाच्याने हे बोलणे बाईंना इंग्रजीत जरा सौम्य करून सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "खरे आहे तुमचे. हा विकला गेला तेव्हा त्याची किंमत एक पेनी होती." अखेर पाच पौंडांवर तोडगा पडला. सौदा सौ.ने केला आणि झेंडा मी घेतला, अशी कामाची वाटणी झाली.

पुढचे आठ-दहा दिवस सौ.ची यादी एकीकडे चालू राहिली आणि दुसरीकडे मी या पेनीचा माग काढीत हिंडलो. लंडन हे शहर त्याला फार सोयीचे. तिथे काही फेकून देत नाहीत. फेकलेच तर कोणीतरी उचलून संग्रहालयात ठेवतो.

झेंड्याची चाल तशी फुलापासून सुरू झाली. १९१२ च्या जूनमध्ये राणी अलेक्झांड्राच्या नावाने लंडनच्या रस्त्यांवर कृत्रिम रानगुलाब विकले गेले. गुलाब अपंग मुलींनी बनवलेले आणि पैसा इस्पितळांसाठी. दोन वर्षांनी महायुद्ध पेटले, आणि १९१४ च्या सप्टेंबरात ग्लासगो शहरात ॲग्नेस मॉरिसन या बाईंनी फुलाच्या जागी छोटा झेंडा आणला. सैनिकांच्या मागे राहिलेल्या बायकामुलांसाठी तो दिवस होता. कल्पना अशी काही उचलली गेली की वर्षभरात इंग्लंडातले एकही गाव तिच्यावाचून राहिले नाही. गळ्यात तबक अडकवलेल्या आणि हातात डबा घेतलेल्या मुली सकाळीच स्टेशनांच्या दारांत उभ्या राहत. मुलींच्या जोडीला पाठीवर डबा बांधलेले कुत्रेही असत, आणि त्यांच्या डब्यात पैसा चांगला जमे म्हणतात. मनुष्य माणसाला नाही म्हणतो, कुत्र्याला म्हणवत नाही.

या झेंड्याची खुबी टाचणीत आहे. पावती आपण खिशात ठेवतो. ही पावती खिशाबाहेर लावायची. एकदा ती कोटावर दिसली की दुसरी मुलगी अडवीत नाही. आणि दिसली नाही, तर ट्राममधली सगळी माणसे आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटू लागते. त्याच दिवसांत त्याच देशात काही बायका, सैन्यात न गेलेल्या तरुणांच्या हाती भ्याडपणाची खूण म्हणून पांढरे पीस देत हिंडत होत्या. कोटाची कॉलर ही तेव्हा माणसाची अब्रू होऊन बसली होती. आठवड्यातून दोन-दोन दिवस झेंडे निघू लागले तेव्हा लोक कंटाळले, थट्टा सुरू झाली. डब्यांबरोबर भामटेही आले. म्हणून १९१६ साली पार्लमेंटने युद्धकाळातल्या दानसंस्थांना नोंदणी सक्तीची करणारा कायदा केला. हिशेब दाखवा आणि मग डबा वाजवा.

हे सारे लँबेथमधल्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या वाटेवर भाचा मला सांगत होता. आता तो मार्गदर्शक झाला होता आणि मी विद्यार्थी. या संग्रहालयाच्या दारात युद्धनौकेवरच्या दोन प्रचंड तोफा आ वासून उभ्या आहेत, आणि मागची घुमटाची इमारत पूर्वी वेड्यांचे इस्पितळ होती. युद्धाच्या वस्तू ठेवायला याहून योग्य वास्तू इंग्रजांना सापडली नसती. संग्रहालयाची स्थापना १९१७ सालची, म्हणजे युद्ध चालू असतानाच. तेव्हा स्त्रियांच्या कामाच्या खुणा गोळा करायला तिथे एक वेगळी समिती नेमली होती. म्हणून तोफा आणि विमाने यांच्याबरोबर हे कागदी झेंडेही इथल्या संग्रहात जपले गेले. तोफेने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. झेंड्याने काय केले, ते शोधायला मला दुसऱ्या दिवशी साउथ केन्सिंग्टनला जावे लागले.

तिथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या समोर थर्लो प्लेस नावाचा रस्ता आहे. सौ. संग्रहालयात भरजरी वस्त्रे पाहत होती तेवढ्यात मी रस्ता ओलांडून आलो. रस्त्याने चालणाऱ्याला तिथे वेगळे असे काही दिसत नाही. पांढरी खांबांची घरे, बसगाड्या, कॉफीची दुकाने. पण १९१६ च्या अखेरीपासून युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश युद्धकैद्यांची मध्यवर्ती समिती इथून काम करीत होती. रेड क्रॉस आणि सेंट जॉन या दोन संस्थांनी मिळून ती चालवली. पेनीचे पार्सल होत असे ते इथे.

कैद्याला खायला घालणे हे खरे म्हणजे पकडणाऱ्याचे काम. १९०७ च्या हेग कराराने तसे ठरले होते. आपल्या शिपायाला द्याल ते कैद्याला द्या. पण ब्रिटिश आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली, आणि १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या स्वतःच्या घरी सलगमावर दिवस काढायची पाळी आली. तिथे कैद्याच्या वाट्याला काय येणार? त्याच हेग करारात आणखी एक कलम होते : कैद्यांच्या नावे येणाऱ्या डाकेला टपालहशील नाही आणि भेटवस्तूंना जकात नाही. या एका कलमाच्या फटीतून दीड लाखाच्या वर माणसांचा घास आत गेला.

आरंभी जो तो आपापल्या माणसाला पार्सल पाठवी. त्यात ज्याचे घर मोठे त्याला दहा पार्सले येत, आणि ज्याचे कोणी नाही तो रिकाम्या हाताने बघत राही. समितीने हे मोडून काढले. प्रत्येक कैद्याला पंधरवड्यास तीन पार्सले, प्रत्येक साधारण साडेचार किलोचे, आणि शिवाय पाव. पाव लंडनहून पाठवला तर वाटेत बुरशी येई, म्हणून तो स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे आणि डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे भाजवून घेत. युद्धात नसलेल्या देशांतल्या भट्ट्यांवर शत्रूच्या कैद्यांचा पाव! आपले पेनी देणारे गृहस्थ लंडनला चहा पीत बसले असताना त्यांची पेनी अशी समुद्र, सरहद्दी आणि चार कचेऱ्या ओलांडून चालली होती.

आणि पार्सलाबरोबर एक छापील कार्ड जाई. कैद्याने त्यावर सही करून ते परत पाठवायचे : पार्सल मिळाले, अमुक तारखेला, चांगल्या स्थितीत. आपल्या मराठीत याला फार सुरेख शब्द आहे : पोच. वस्तू ठिकाणी गेली तरी आपण 'पोचली' म्हणतो, आणि ती मिळाल्याची चिठ्ठी आली तर तिलाही 'पोच' म्हणतो. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बसवणारे आपले पूर्वज व्यवहारी होते. पाठवणे पुरे होत नाही, पोच यावी लागते. थर्लो प्लेसच्या कारकुनांनी नेमकी तीच चिंता वाहिली. ते कार्ड परत आले नाही तर माणूस हलवला गेला, आजारी पडला की वारला, याचा शोध लागे. दान देणाऱ्याचे नाव झेंड्याने मिरवले; दान पोचवणाऱ्याचे नाव कुठल्याच कॉलरवर लागले नाही.

मग साहजिकच मनात आले, यात आपली माणसे कुठे होती?

होती. १९१४ च्या ऑक्टोबरात लंडनला इंडियन सोल्जर्स फंड नावाचा निधी उभा राहिला. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांच्या कपड्यालत्त्याची आणि औषधपाण्याची सोय पाहणे हे त्याचे काम. जर्मनांच्या हाती सापडलेल्या हिंदी कैद्यांची पार्सलेही त्याच्याकडेच होती. डबाबंद मांस पाठवून त्यांचे भागणार नव्हते. त्यांच्यासाठी पीठ, डाळ, तूप आणि मसाला बांधला जाई. १९१८ साली लंडनच्या हेमार्केट भागात हिंदी सैनिकांसाठी झेंडे विकले गेले तेव्हा त्या कामात राजकन्या सोफिया दलीपसिंग होत्या. रणजितसिंहांची ही नात. आजोबांचे राज्य आणि कोहिनूर दोन्ही इंग्रजांनी घेतले, आणि नात इंग्रजांच्या राजधानीत आपल्या माणसांसाठी झेंडे विकीत होती. सौ.च्या यादीतला कोहिनूर आम्ही आदल्याच दिवशी पाहिला होता. हे कळल्यावर तिने यादी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "आता तुमचे काय ते दाखवा."

जर्मनीतले हिंदी कैदी बर्लिनच्या दक्षिणेला वुन्सडॉर्फ येथे एका छावणीत होते. अर्धचंद्र छावणी तिचे नाव. मुसलमान आणि हिंदी कैद्यांना इंग्रजांविरुद्ध उठवावे म्हणून जर्मनांनी ती मुद्दाम बरी ठेवली होती. १९१५ साली तिथे लाकडी मशीदही बांधली. जर्मनीतली ती पहिली. मशीद आज नाही, पण मशीद रस्ता अजून आहे. छावणीत जर्मन विद्वान ग्रामोफोनचा कर्णा घेऊन येत आणि कैद्यांच्या भाषा ध्वनिमुद्रित करीत. त्या तबकड्या बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठात जपलेल्या आहेत. भाच्याने संगणकावर त्यांची माहिती काढून दिली. १९१६ च्या ११ डिसेंबरला मालसिंग नावाचा एक पंजाबी शिपाई त्या कर्ण्यापुढे बसला होता. विद्वानांना व्याकरण हवे होते. मालसिंगाने एका माणसाची गोष्ट सांगितली, जो हिंदुस्थानात लोणी खात असे, आणि तो आता परत गेला तर ते पुन्हा खाईल. स्वतःला 'मी' म्हणायचेही त्याच्याने झाले नाही. पार्सलातल्या तुपाचे मोल कळायला याहून दुसरा पुरावा मला तरी नको. त्या छावणीजवळ त्सेरेन्सडॉर्फ येथे हिंदी कैद्यांची दफनभूमी आहे. दोनशेहून अधिक माणसे तिथे थंडीने आणि क्षयाने कायमची राहिली.

पण तिथे निदान वाट होती. सातारा, रत्नागिरी आणि कोल्हापूरकडचे आपले शिपाई ज्या बाजूला कैद झाले, तिथे वाटच नव्हती.

१९१४ च्या ऑक्टोबरात पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईच्या धक्क्यावरून जहाजात चढली. तीत ११७ वी मराठा पलटण होती. तिच्यामागून १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री गेली. इराणी आखातातून वर चढत हे सैन्य बगदादच्या दाराशी गेले, तिथे मार खाऊन मागे फिरले, आणि तैग्रिस नदीच्या वळणावर कुत नावाच्या गावात अडकले. वेढा पडला ती तारीख होती ७ डिसेंबर, साल १९१५. आमच्या कॉलेजात डबा फिरतो तीच तारीख. निव्वळ योगायोग, पण मला तो चुकवता आला नाही. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. अन्न संपले, घोडे कापले गेले. कित्येक हिंदी शिपायांनी धर्माच्या धाकाने घोड्याचे मांस अखेरपर्यंत लांबवले आणि मूठभर जवाच्या पिठावर दिवस काढले. २९ एप्रिल १९१६ रोजी सेनापती टाउनशेंड शरण गेले. सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती पडली. त्यांत हिंदी सर्वांत जास्त.

पुढची हकीगत सांगणे कठीण आहे. टाउनशेंडसाहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. त्यांच्या लाडक्या कुत्र्याला तुर्की सेनापतीने सौजन्याने बसऱ्याला पोचवून दिले, आणि तो सुखरूप घरी गेला. शिपायांना उपाशी पोटी, मे-जूनच्या उन्हात, वाळवंटातून चालवत नेले. समाऱ्यापासून तिक्रित, मोसुल, निसिबिन असे करीत रास अल-ऐनपर्यंत. तिथे बगदादचा लोहमार्ग बांधला जात होता. हिंदी कैद्यांना बहुतेक तिथेच कामाला जुंपले. गोऱ्या शिपायांना पुढे डोंगरातल्या बोगद्यांवर नेले. त्या सुमारे २,६०० गोऱ्या शिपायांतले १,७०० हून अधिक मेले. हिंदी शिपाई हजारांनी मेले.

यांच्यासाठी पेनी नव्हती असे नाही. पार्सले निघत होती. पण ती पोचायची कशी? युरोप ओलांडायचा, तुर्कस्तानात शिरायचे, आणि इस्तंबूलहून येणारा लोहमार्ग तर टॉरस आणि अमानुस या डोंगरांपाशी तुटलेला. तुर्कस्तानात स्वतः सैन्यच उपाशी होते. इस्तंबूलची अमेरिकन वकिलात, आणि १९१७ साली अमेरिका युद्धात उतरल्यावर डच वकिलात, जमेल तसे पैसे पोचवीत होती. या वाळवंटाच्या टोकाला मात्र पुष्कळदा उशिराच पोचे. थर्लो प्लेसला जी सही केलेली कार्डे रोज ढिगाने परत येत, तशी कार्डे रास अल-ऐनहून येणे शक्यच नव्हते. त्या मुक्कामाची हकीगत आपल्यापर्यंत आली ती बंगालीतून. शिशिर सर्वाधिकारी नावाचे एक स्वयंसेवक बंगालच्या रुग्णसेवा पथकात होते. तेही कुतला पकडले गेले. त्यांनी ते सारे लिहून ठेवले आणि १९५८ साली पुस्तक काढले. डॉक्टर कल्याण मुखर्जी तिथेच कैदेत वारले. त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, नातवाचे चरित्र लिहून १९२८ साली छापले. आजीने नातवाची पोच घेतली ती अशी.

लंडन सोडायच्या आदल्या दिवशी आम्ही सेंट पॉल कॅथीड्रलला गेलो. ते सौ.च्याही यादीत होते, त्यामुळे मतभेदाला जागा नव्हती. वर घुमट डोळे दिपवतो. पण मला जायचे होते तळघरात. पायऱ्या उतरून गेले की गारवा लागतो. कमानींच्या खाली इंग्रजांनी आपले वीर ठेवले आहेत. मधोमध नेल्सन, काळ्या दगडाच्या पेटीत. थोड्या अंतरावर ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हा तोच वेलस्ली, ज्याने १८०३ साली असईला मराठ्यांचा पराभव केला. त्याच्या थडग्यासमोर मराठीच्या मास्तराने काय करावे? मी चष्मा पुसला आणि पुढे गेलो.

याच तळघरात कुतच्या सैन्याचे स्मारक आहे. वेढ्यात आणि नंतर कैदेत मेलेल्यांचे. त्यावर आकडा आहे : ५,७४६.

आम्ही दोघे त्यापुढे उभे राहिलो. असईच्या विजेत्याचे थडगे त्याच छताखाली, आणि असईला ज्यांचे पूर्वज त्याच्याशी लढले असतील त्या माणसांचा हिशेबही त्याच छताखाली. सौ.ने हळूच विचारले, "यात आपले किती असतील हो?"

दगडाने ते सांगितले नव्हते. एवढे मात्र खरे, की कुतमध्ये गोरी माणसे सगळी मिळून तीन हजारांच्या घरात होती, तेव्हा तो आकडा आपल्या माणसांवाचून पुरा होत नाही.

आकड्यावरून आठवले. इराकमधल्या बसरा स्मारकावर त्या मोहिमेतल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांची स्मृती आहे. गोऱ्या शिपायांची नावे तिथे कोरली. हिंदी शिपायांची कोरली नाहीत. अधिकाऱ्यांची नावे, आणि बाकीच्यांची पलटणीगणिक संख्या. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने चौकशी करून हा पंक्तिप्रपंच झाल्याचे कबूल केले आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, कोणीतरी यादी तपासली. थर्लो प्लेसच्या कारकुनांचे काम थोडे पुढे सरकले म्हणायचे.

परतीच्या विमानात सौ. झोपली होती आणि मी पाकिटातला तो झेंडा काढून पाहत होतो. ज्याने तो लावला तो माणूस कोण, स्त्री की पुरुष, मनापासून की ट्राममधल्या नजरांच्या धाकाने, हे आता कशाला? पेनी मनाने दिलेली असो की लाजेने, पार्सलातल्या पावाची चव तीच लागते. पण ती पेनी उपयोगी पडली ती हेगच्या कलमामुळे, बर्नच्या भट्टीमुळे आणि कार्ड आले की नाही ते पाहणाऱ्या कारकुनामुळे. जिथे हे तिघे होते तिथे माणूस तगला. जिथे नव्हते तिथे तशीच पेनी, तोच झेंडा, आणि आकडा ५,७४६.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी कित्येकजण गाडी काढून साताऱ्याकडे नाहीतर कोकणात उतराल. त्या मुलखातल्या पुष्कळ गावांत, चावडीच्या भिंतीवर किंवा देवळाच्या आवारात, एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतकी मेली, एवढाच मजकूर. नावे तिथेही नाहीत. मुलांना गाडीतून उतरवा आणि ती पाटी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. शेजारी एखादे म्हातारे गृहस्थ बसलेले असतील, तर त्यांना विचारा, आजोबा, यातले कोण कोण ठाऊक आहेत? एखाददुसरे नाव अजून कोणाच्या तोंडी असेल. ते वहीत उतरवून घ्या, गावाचे नाव आणि तारीख घालून. शंभर वर्षे उशिरा का होईना, पोच लिहायची ती अशीच.